आठ नंबरची काठी

अण्णांच्या कपाटात पाच काठ्या होत्या आणि मला त्यातली एकच हवी होती, आठ नंबरची. ती मला मिळाली नाही. माझ्या मैत्रिणीला मिळाली, आणि त्या मैत्रिणीला त्या घरात मीच आणलं होतं. या गोष्टीचा निवाडा मला अजून नीट करता येत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

मी निपाणीची. वडील बसस्टँडसमोर पंक्चर काढतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. सीईटीत बेंगळुरूची सीट लागली तेव्हा आईला पहिली काळजी पडली ती राहण्याची. ओळखीतल्या कुणीतरी बसवनगुडीतलं एक घर सुचवलं. वरची खोली भाड्यानं देतात आणि माणसं मराठी आहेत, एवढंच आईला पुरेसं होतं. पण ते मराठी तीन-चार पिढ्या इथल्या कन्नडात मुरलेलं होतं. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. त्या आईला म्हणाल्या, "स्वल्प बसा, कॉफी घ्या, मग खोली बघू, सरी?" स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे चालेल ना, हे न कळून आईनं माझ्याकडे बघितलं. आपण कुठे आलोय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी मान हलवली आणि खोली ठरली.

अण्णा म्हणजे अक्कांचे यजमान. एका कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. पहिले काही आठवडे मी त्यांच्याशी फक्त नळाचं पाणी आलं की नाही एवढंच बोलले असेन. मग एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर टाकीपासून शेजारच्या नारळापर्यंत एक पिवळी दोरी हवेत उलगडत होती. मागे जायची, सरळ व्हायची, पुढे जायची, पुन्हा सरळ व्हायची. अण्णांच्या हातात एक बारीक काठी होती आणि दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा. मी कपड्यांची बादली घेऊन तशीच उभी राहिले. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "धरून बघणार का?"

ती गळाची काठी होती. पण गांडूळ लावून काठावर बसून राहायचं, तसली नाही. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर नेऊन ठेवायची, त्यासाठीची. माशीला स्वतःचं वजन नसतं म्हटलं तरी चालेल, म्हणून ती नुसती फेकता येत नाही. तिला घेऊन जाते ती दोरी. दोरी जाड आणि जड असते, आणि काठी त्या दोरीच्या वजनानं वाकते. प्रत्येक काठीवर मुठीच्या वर एक नंबर असतो. चार नंबरच्या काठीला चार नंबरची दोरी, आठला आठ. गच्चीवर सराव करताना गळाऐवजी लोकर बांधायची, म्हणजे कुणाचा डोळा जायला नको.

सगळी विद्या थांबण्यात होती. दोरी मागे गेली की ती सरळ होईपर्यंत थांबायचं. मला थांबवत नसे. दोरी माझ्या मानेला, टाकीच्या पाइपाला, अक्कांच्या वाळत घातलेल्या साडीला गुंडाळायची. अण्णा नुसतं "निधान, निधान" म्हणायचे. निधान म्हणजे त्यांच्या कन्नडमध्ये सावकाश. अक्का जिन्यावरून ओरडायच्या की साडी फाटली तर मासे विकून भरून द्या दोघं. पावसाळ्यात सुरू केलेलं मला दिवाळी येईपर्यंत जमत नव्हतं. मग एका दिवशी जमलं. लोकरीचा गोंडा मोगऱ्याच्या कुंडीत जाऊन अलगद पडला आणि अण्णा म्हणाले, "हां, मगळे." मगळे ही लेकीला मारायची हाक. त्यांना मुलगी नाही. तो शब्द मी खोलीत जाऊन एकटीच म्हणून बघितला होता.

घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईनं विचारलं की कसले मासे मिळतात. मी म्हटलं, अजून मिळाले नाहीत, आणि मिळाले तरी अण्णा पाण्यात परत सोडून देतात. आई म्हणाली, "मग पकडता कशाला?" मी परीक्षेचं सांगायला लागले.

दुसऱ्या वर्षी मी माझ्या मैत्रिणीला घरी आणलं. ती माझ्याच वर्गातली. तिचे आईवडील पुण्याहून आलेले, दोघंही आयटीत, व्हाइटफील्डला अकराव्या मजल्यावर घर. आमचा एक प्रोजेक्ट होता आणि कॉलेजपासून माझी खोली जवळ होती. तिला चहाबरोबर गच्ची दाखवावी, एवढाच माझा विचार. खरं सांगायचं तर थोडं दाखवायचंही होतं. माझ्याकडे तिला दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तिनं अण्णांना दोन-तीनदा दोरी टाकताना बघितलं आणि काठी मागितली. दोरी मागे सोडली आणि थांबली. मी टाकीला टेकून बघत होते. दोरी तिच्यामागे नारळापर्यंत सरळ झाली, तिला जणू ते पाठीनं दिसलं, मग तिनं हात पुढे आणला आणि गोंडा कुंडीच्याही पलीकडे कठड्यावर जाऊन बसला.

"इतकंच?" ती म्हणाली.

ती ऐटीत म्हणाली नव्हती. तिला खरंच वाटलं की याच्यापुढे अजून काही असेल. ऐटीत म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

पहिल्या दिवशी ती त्यांना अंकल म्हणाली, दुसऱ्यांदा आली तेव्हा अण्णा. मला अण्णा म्हणायला महिना लागला होता. आणि तिसऱ्या की चौथ्या वेळी मी जिना चढत असताना वरून ऐकलं, "स्वल्प थांब, मगळे." मी जिन्यातच थांबले, कारण मला वाटलं ते मला म्हणाले.

रविवारी सकाळी अण्णा हॉलमध्ये सतरंजी पसरत आणि पाचही काठ्या, रिळं, दोऱ्या आणि माश्यांच्या डब्या मांडत. मग आम्हाला प्रवासाला पाठवत. म्हणजे प्रश्न विचारत. उंचावरचा गार ओढा आहे, वरून झाडी लोंबते, ट्राउट वीतभर, काय घेशील? गाळाचं तळं आहे, पाणवनस्पती दाट, त्यात मरळ लपून बसली आहे, काय घेशील? खाडी आहे, भरती चढते आहे, वारा समोरून आणि जिताडा हवा आहे, मग?

यात मी पुढे होते. हे मी लिहायला हवं, कारण त्या काळात मी ज्यात पुढे होते अशी हीच एक गोष्ट होती. मैत्रीण दर वेळी माशाच्या आकारावरून काठी उचलायची. मोठा मासा, मोठा नंबर. मला कळलं होतं की आधी माशी बघायची. ओढ्यावर डासाएवढी माशी पाण्याला धक्का न लावता ठेवायची असते, म्हणून तिथं हलकी चार नंबर. मरळ काही फार लांब पळत नाही, पण तिच्यासाठी बेडकाएवढी, हवेला अडणारी माशी लागते आणि लागलेली मरळ वेलींतून उपसून काढावी लागते, म्हणून तिथं सहा पुरत नाही, सात हवी. समुद्रावर वारा असतो, म्हणून नऊ, आणि घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर मीठ खातं त्याला. मी हे सगळं सांगायची आणि अण्णा मान हलवायचे. मैत्रीण म्हणायची, "अगं, मी परत हत्तीच उचलला वाटतं," आणि स्वतःलाच हसायची. मला चुकल्यावर असं हसता येत नाही. चुकल्यावर हसता येणं ही मला तेव्हा पैसेवाल्यांच्या घरातली वस्तू वाटायची, त्यांच्या डिशवॉशरसारखी.

आठ नंबरची काठी सतरंजीवर सगळ्यात शेवटी यायची. ती नदीची, महसीर नावाच्या मोठ्या माशाची. गडद हिरवी, मुठीचं बूच, म्हणजे कॉर्क, हाताच्या घामानं काळं पडलेलं. ती अण्णांची एकट्याची नव्हती. तरुणपणी त्यांनी आणि कारखान्यातल्या त्यांच्या दोस्तानं मिळून घेतली होती, कारण एकट्यादुकट्याला ती घेता आली नसती. दोघांत एकच काठी, म्हणून त्यांनी नियम केला. मासा लागला किंवा लागून सुटला की डाव संपला, काठी दुसऱ्याच्या हातात. आणि ज्याच्या हातात काठी नाही, त्याच्या हातात डबी. कुठली माशी बांधायची हे डबीवाल्यानं ठरवायचं. काठीवाल्यानं ती मुकाट्यानं बांधायची. दोस्त आता नाही. पण त्या काठीला अण्णांनी तो नियम तसाच ठेवला होता. ते म्हणायचे की या नियमामुळेच त्यांची दोस्ती टिकली, नाहीतर एका काठीवरून दोघांनी एकमेकांना नदीत ढकललं असतं.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी पहिल्यांदा पाण्यावर गेलो. शहराबाहेर अण्णांच्या ओळखीच्या एकाचं शेततळं होतं, त्यात चिलापी. चार नंबरची काठी. गच्चीवर माझा हात आता चांगला बसला होता आणि मी निर्धास्त होते. पहिली दोरी छान पडली. ती परत उचलायला गेले तर कापड फाटावं तसा आवाज झाला आणि अर्ध्या तळ्यातल्या चिलाप्या खोल गेल्या. मी सगळं सिमेंटवर शिकले होते. सिमेंट दोरीला धरून ठेवत नाही. पाणी धरतं. तिला आधी हळूच सोडवून घ्यावं लागतं, मग उचलायचं. अण्णा म्हणाले, "चूक माझी आहे, हे मी सांगायला हवं होतं." पण त्यांनी मैत्रिणीलाही ते सांगितलेलं नव्हतं. ती लहानपणापासून पोहणारी. तिचा हात पाण्यातून दोरी अशी काढत होता, जसं एखादं झोपलेलं मूल उचलावं. संध्याकाळपर्यंत मलाही थोडं जमलं आणि दोन चिलाप्या लागल्या. तिला किती लागल्या ते मी मोजलं नाही, म्हणजे मोजलं नाही असं दाखवलं.

मग अण्णांचा खांदा दुखायला लागला. आधी तेल, मग शेक, मग डॉक्टर. डॉक्टरांनी सांगितलं की हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. अण्णांनी ते अक्कांना सांगितलं आणि आठवडाभर गच्चीवर गेले नाहीत. मग एका रविवारी सतरंजीवर फक्त आठ नंबरची काठी ठेवून ते म्हणाले, "एकदा नदीवर जाऊन येऊ. मी काठावर बसतो. आल्यावर ही तुमच्यापैकी एकीला द्यायची. बाकीच्या राहू देत इथं, गच्चीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना."

कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही. मैत्रीण म्हणाली, अण्णा, तुम्ही असं बोलू नका ना. माझ्या मनात फक्त एक हिशेब चालू होता. मी आधी आले. मी त्यांचं ऐकून शिकले. मला सगळ्या काठ्या कळतात. तिला नुसतं येतं.

कोडगूच्या बाजूला नदीचा एक पट्टा आहे, तिथं परवाना काढून आणि मासा परत सोडायच्या अटीवर गळ टाकता येतो. आम्ही मैत्रिणीच्या वडिलांच्या गाडीतून गेलो, ती चालवत होती. अण्णा पुढे, मी आणि अक्का मागे. बिडदीला तट्टे इडली खाल्ली. वाटेत तिच्या आईचा फोन आला आणि तो गाडीच्या स्पीकरवर सगळ्यांनी ऐकला, मजा करा, सनस्क्रीन लावा. मी घरी नदीवर चाललेय असं सांगितलंच नव्हतं. कॉलेजची सहल आहे म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर पोचलो. तिथं पाणी एका मोठ्या डोहात वळून संथ होतं आणि पलीकडच्या काठावर एक उंबर पाण्यावर पार वाकलेला होता. अण्णा छत्रीखाली खुर्चीवर बसले, अक्का त्यांच्याशेजारी स्वेटर विणत. पहिली काठी कुणाची, यासाठी अण्णांनी नाणं उडवलं. माझी आली.

सबंध सकाळ मी दोरी टाकत होते. मैत्रीण खडकावर बसून डबी उघडायची आणि मला माश्या द्यायची. तिला चमचमणाऱ्या आवडायच्या, छोट्या माशासारख्या, चंदेरी. नियमाप्रमाणे मी मुकाट्यानं बांधायचे. काही लागत नव्हतं. नियमात एक गोष्ट लिहिलेली नाही, पण अण्णा आणि त्यांचे दोस्त ती पाळायचे म्हणे. बराच वेळ काही लागलं नाही तर आपण होऊन काठी दुसऱ्याला द्यायची. मला ते माहीत होतं. मी दिली नाही. मैत्रीण खडकावर पाय सोडून बसली होती आणि मधूनमधून म्हणायची, "मस्त जातेय गं तुझी दोरी." मला तिच्या चांगुलपणाचाही राग येत होता.

जेवण झालं, ऊन कलायला लागलं. एका वेळी दोरी पाण्यातून मागे ओढत असताना ती मध्येच जड झाली. दगडाला अडकल्यासारखी नव्हे. दगड हलत नाही.

मला माहीत होतं काय करायचं. अण्णांनी पन्नासदा सांगितलं होतं. चिलापीला काठी वर उचलायची. महसीरला काठी उचलायची नाही, ती पाण्याकडेच ठेवून डाव्या हातानं दोरी सरळ मागे खेचायची, म्हणजे गळ बसतो. मी सतरंजीवर हे तिलाही समजावून सांगितलं होतं. आणि माझा हात वर गेला. तळ्यावरचा, चिलापीचा हात. काठी उंच झाली, दोरी हलकी झाली, आणि डोहात एक मोठं वर्तुळ उठून विरून गेलं.

अण्णा छत्रीखालून म्हणाले, "सुटला. काठी दे तिला."

मी काठी दिली. तिनं डबी दिली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी डबी बघायच्या निमित्तानं खाली पडू दिला.

आता माझं काम निवडायचं होतं. मी डबी गुडघ्यावर ठेवून डोहाकडे बघत बसले. सकाळपासून काठी हातात असल्यामुळे मी फक्त माझ्या दोरीकडे बघत होते. आता ऐकू आलं. उंबराखाली मधूनमधून टपकन आवाज व्हायचा. पिकलेलं उंबर पाण्यात पडायचं आणि थोड्या वेळानं तिथंच पाणी आतून हलायचं. मासे खाली उभे राहून फळं खात होते. चंदेरी माशाकडे ते कशाला बघतील? डबीच्या कोपऱ्यात अण्णांनी बांधलेली एक माशी होती. ती माशीसारखी नव्हतीच. लालसर तपकिरी लोकरीचा गोल गोळा, आत गळ. मला ती कधी कळली नव्हती. आता कळली.

मी बराच वेळ डबी उघडी ठेवून बसले. शेजारीच चंदेरी माश्या होत्या. त्यातली एक दिली असती तर कुणालाही काही वाटलं नसतं, तिनं स्वतःच सकाळभर मला त्याच दिल्या होत्या. संध्याकाळ अशीच गेली असती, कुणालाच मासा मिळाला नसता आणि आम्ही दोघी सारख्या ठरलो असतो. मी तो गोळा तिच्या हातात ठेवला. चांगुलपणानं ठेवला असं मी म्हणणार नाही. अण्णा बघत होते. मला काठी चालवता आली नाही हे त्यांनी बघितलं होतं, निवडताही येत नाही असं त्यांना वाटायला नको होतं.

"हे काय, बोराएवढं?" ती म्हणाली.

"उंबराखाली टाक. ओढू नकोस. पडू दे नुसतं."

तिनं टाकलं. फांदीच्या सावलीत ते टपकन पडलं, अगदी उंबरासारखं. दोरी ताठ झाली तेव्हा तिची काठी खालीच राहिली, डावा हात मागे गेला आणि रीळ किंचाळायला लागलं. त्यानंतर काय झालं ते मी फारसं बघितलं नाही. म्हणजे बघत होते, पण मला माझाच हात वर जाताना दिसत होता. अक्का विणकाम टाकून उभ्या राहिल्या होत्या. शेवटी मासा काठाशी आला, तिच्या हाताएवढा लांब, खवले पितळेच्या भांड्यासारखे. तिनं त्याला पाण्याच्या बाहेर काढलं नाही. अण्णांनी वाकून गळ सोडवला, तो दुखऱ्या हातानंच, आणि मासा तिच्या तळव्यांमधून थोडा वेळ श्वास घेऊन निघून गेला.

"भेष, मगळे," अण्णा तिला शाबासकी देत म्हणाले. ओली माशी त्यांनी माझ्या हातावर ठेवली, कारण डबी माझ्याकडे होती. मला वाटलं ते काही म्हणतील. ते पाय पुसायला टॉवेल शोधत होते.

नियमानं आता डाव माझा होता. मैत्रिणीनं काठी माझ्याकडे केलीसुद्धा. तेवढ्यात पट्ट्यावरचा राखणदार शिट्टी वाजवत आला, परवान्याची वेळ संपली होती. तिनं काठीचे जोड सोडवून ती पिशवीत भरली. डबी माझ्या सॅकमध्येच राहिली.

परत आल्यावर अण्णांनी ती काठी तिला दिली. हॉलमध्ये, कॉफी पिता पिता, काही समारंभ न करता. ती रडली. मीही तिला मिठी मारली. ती गेल्यावर मी कपबश्या आत नेल्या आणि परत येऊन दारात उभी राहिले. विचारू की नको असं बराच वेळ झालं. मग विचारलं, "तिनं मासा धरला म्हणून का?"

अण्णांनी चष्मा काढला. "नाही गं. तिच्याकडे गाडी आहे. काठी नदीवर जायला पाहिजे. तुझ्याकडे ती कपाटात उभी राहील. तुझी परीक्षा, मग नोकरी, मग घरचं. मला ते दिसतंय."

"उगाच," अक्का आतून म्हणाल्या. "त्यांना त्या गाडीतला एसी आवडला. तू बस, भात वाढते."

ते खरं बोलले होते, म्हणून मला त्यांच्यावर रागावताही येईना. मासा तिनं चांगला खेळवला म्हणून काठी तिची झाली असती तर मी आणखी सराव केला असता. गाडीचा सराव कसा करायचा?

त्यानंतर कितीतरी महिने मी गच्चीवर फक्त कपडे वाळत घालायला गेले. मैत्रिणीशी बोलणं होतं, नाही असं नाही. ती फोटो पाठवायची. कधी नदी, कधी धरण, प्रत्येकात ती हिरवी काठी. मी प्रत्येक फोटोला बदाम द्यायची आणि मग तो मोठा करून बघायची, की मुठीचं बूच अजून तसंच काळं आहे ना, काठी नीट पुसते ना, माशी कुठली बांधलीय. बहुतेक वेळा चंदेरी असायची. बहुतेक फोटोंत मासा नसायचा. याचा मला आनंद व्हायचा, हेही लिहिते.

आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. ती कुठल्यातरी सिग्नलला अडकली होती, मागे हॉर्न वाजत होते. कारवारच्या बाजूला खाडीवर जातेय म्हणाली, जिताड्यासाठी. तिच्याकडे आठ नंबरच आहे, नऊ नाही, तर ती चालेल का, आणि काय काय नेऊ?

मी सांगत गेले. सकाळी लवकर वारा पडलेला असतो, तेव्हा आठ चालेल. खाडीच्या तोंडाशी जाऊ नकोस, आत खारफुटीच्या कडेला राहा. दोरी आणि माशीच्या मधला धागा जाड घे, जिताड्याचे कल्ले सुरीसारखे असतात. रीळ रोज गोड्या पाण्यानं धू. सतरंजीवर बसून सांगायचे तसं सांगितलं आणि ती हं हं करत राहिली.

"आणि माश्या कुठल्या?" तिनं विचारलं.

मी थांबले. डबी माझ्यासमोर टेबलावर होती. गेले इतके महिने ती तिथंच होती, कुणी परत मागितली नव्हती.

"माश्यांची डबी माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "त्या दिवशी मासा तुला लागला. त्याच्यानंतर डाव माझा होता."

पलीकडे सिग्नल सुटला.

"अगं हो की," ती म्हणाली. "मी विसरूनच गेले होते. मग चल ना. शुक्रवारी तुझं लेक्चर कधी सुटतं?"

मी वेळ सांगितली. फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण पूर्ण नाही. मी इतके महिने जी एकच गोष्ट धरून बसले होते ती तिला विसरता आली, आणि आठवण करून दिल्यावर लगेच देऊनही टाकता आली. मला तिच्या काठीपेक्षाही याचा जास्त हेवा वाटला.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. त्यांनी फक्त नऊ नंबरच्या काठीची दोरी तपासून ठेवू का असं विचारलं. मी नको म्हणाले, आठच नेतोय, दोघींत एक. ते हसले की काय ते कळलं नाही, खांद्याला शेक देत होते.

मग मी खोलीत येऊन डबी उघडली. शुक्रवारी पहिला डाव माझा, म्हणजे काठी माझ्या हातात आणि डबी तिच्या हातात. ती काय निवडते ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून खाडीत उपयोगी न पडणारी एकेक माशी काढून मी ड्रॉवरमध्ये ठेवली, नदीचा तो उंबराचा गोळासुद्धा. आता तिनं डोळे मिटून उचलली तरी बरोबरच माशी निघेल.